नमाजाचा गालिचा वाचायला कसा शिकायचा (आणि घ्यायचाच असेल तर कसं फसायचं नाही)

इस्तंबूलला आम्ही तीन वर्षं होतो आणि तिथे घेतलेला पहिला गालिचा मी हॉलच्या भिंतीवर उलटा टांगला होता, एक-दोन दिवस नाही, चांगले चार महिने. येणारे-जाणारे सगळे "वा, काय मस्त आहे" म्हणून चहा पिऊन गेले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या तेयझे (म्हणजे मावशी, तिथे शेजारच्या मोठ्या बाईला असंच म्हणतात) वर आल्या, भिंतीकडे बघून जरा वेळ गप्प बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, मुली, तुमच्याकडे कंदील जमिनीतून वर उगवतो का गं?

तेव्हा कळलं की ज्याला मी "फुलदाणी" समजत होते तो कंदील होता. आणि हो, तुर्कीतही त्याला कांदीलच म्हणतात. तिथून मग नाद लागला. पुढे जे काही शिकले, बरंचसं चुका करून आणि थोडंसं पैसे घालवून, ते इथे क्रमाने लिहितेय. मुख्यतः तुर्कस्तानातल्या, म्हणजे अनातोलियातल्या गालिच्यांबद्दल आहे, कारण मी बघितले ते तिथले. तिकडे याला सेज्जादे म्हणतात, सजदा (नमाजात कपाळ जमिनीला टेकणं) ज्यावर करायचा तो. आपल्याकडे कोकणातल्या मुसलमान घरांत मुसल्ला किंवा जानमाज म्हणतात.

जवळ काय असावं

फार काही लागत नाही:
- शिवणकामाची टेप
- भिंग (मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतं)
- पांढरा सुती रुमाल आणि थोडं पाणी
- जाड कागदाचा तुकडा, त्यात मधोमध बरोबर 1 सेंटीमीटरचा चौकोन कापून ठेवायचा. हा कशाला ते पाचव्या पायरीत
- वही. फोटो काढाल पण दोन दिवसांनी कुठला कुठे बघितला ते आठवणार नाही, माझं झालंय

1. आधी महिरप शोधा, बाकी सगळं नंतर

गणपतीच्या मखराला आपण महिरप करतो ना, देवघराला पण असते, तो शब्द मुळात अरबी मिहराबवरून आलाय. मशिदीत मक्केच्या दिशेच्या भिंतीत जो कोनाडा असतो तो मिहराब. नमाजाच्या गालिच्यावर तोच कोनाडा विणलेला असतो, म्हणजे जमिनीवर अंथरला की महिरपीचं टोक मक्केकडे करायचं, कपाळ त्या बाजूला टेकतं. म्हणून या गालिच्याला डोकं आणि पाय असतात. नेहमीचा गालिचा कुठूनही बघा, सारखाच दिसतो, याचं तसं नाही.

टोक कुठलं ते कळत नसेल तर कंदील कुठून लोंबतोय ते बघा, तो टोकातूनच खाली येतो. फुलांच्या भरवशावर राहू नका, लादिक गावच्या गालिच्यांत ट्यूलिपची रांग बऱ्याचदा उलटी लटकलेली असते. आणि लवीवर, म्हणजे वरच्या कापलेल्या मऊ धाग्यांवर, हात फिरवून ठरवू नका, कारण काही गावांत हे गालिचे मागावर उलटे, म्हणजे टोकाकडून विणायला घेत, त्यामुळे लव वरच्या टोकाकडे झोपलेली असते. मला एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं की लव नेहमी खालीच जाते. नेहमी नाही जात.

साइज पण टेपने मोजा. एका माणसाला उभं राहून, वाकून, कपाळ टेकता येईल एवढा तो असतो, हल्लीचे साधारण 70 बाय 110 सेंटीमीटर, जुने विणलेले बरेचदा त्याहून मोठे. एकाच गालिच्यावर ओळीने सात-आठ महिरपी दिसल्या तर तो साफ, म्हणजे रांग, अख्ख्या ओळीसाठीचा. मशिदींत हल्ली रोलमधून येणारं मशीनचं कार्पेट असतं ते याच कल्पनेचं.

एक सापळा इथेच सांगते. तुर्कमेनी लोकांचा एन्सी नावाचा एक लाल गालिचा असतो, मध्ये क्रॉस, चार खण, कधी वर छोटीशी महिरप. दुकानात तो "प्रेअर रग" म्हणून दाखवतात. तो तंबूच्या दाराचा पडदा आहे, महिरप असली तरी.

2. महिरपीच्या आकारावरून गाव ओळखायला शिका

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा लांबेल. पैठणीचा मोर आणि इरकलीचा काठ बघून जसं आपल्याला लगेच कळतं तसंच तिकडच्या बायकांना महिरप बघून कळतं. सुरुवातीला एवढं पाठ केलंत तरी पुष्कळ:

ग्योर्देस (मनिसा प्रांत): महिरप उंच, खांदे ठळक, दोन्ही बाजूंना बारीक खांब, आणि महिरपीच्या वर आणि खाली एकेक आडवी पट्टी. दोन्हीकडून तोंड असलेली, म्हणजे वर-खाली महिरप असलेली एक जात आहे तिला कझ ग्योर्देस म्हणतात, कझ म्हणजे मुलगी, लग्नाच्या रुखवतात मुलीने स्वतः विणलेला अशी समजूत.

कुला: ग्योर्देसच्या जवळचंच गाव, त्यामुळे नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. यात महिरप जरा चपटी असते आणि काठाला खूप बारीक बारीक पट्ट्या. याचाच एक प्रकार म्हणजे मेझार्लक, अर्थ कब्रस्तान. सायप्रेसची, म्हणजे सुरूसारखी निमुळती झाडं आणि छोटी घरं पुन्हा पुन्हा, बाजारात "लँडस्केप" म्हणून विकतात आणि घेणारा बेडरूममध्ये लावतो. ज्याची त्याची आवड.

लादिक (कोन्याजवळ): महिरपीला पायऱ्या किंवा तीन कमानी, आणि वर किंवा खाली उंच दांड्याच्या ट्यूलिपची रांग. ही रांग दिसली की निम्मं काम झालं.

मिलास (मुग्ला प्रांत): महिरपीचा गळा आवळल्यासारखा आणि त्यावर डोकं चौकटच्या एक्क्यासारखं. रंग विटकरी, मधासारखा पिवळा. हा एकदा बघितला की विसरत नाही.

मुजुर: पायऱ्यापायऱ्यांची टोकदार महिरप, आणि काठ म्हणजे एकाशेजारी एक बसवलेल्या फरश्या.

अनातोलियाच्या बाहेर गेलात तर कॉकेशसमध्ये महिरप अगदी छोटी, कोनांची, पार वरच्या टोकाला टोपी घातल्यासारखी. तिथल्या शिरवान भागातल्या मारासली गालिच्यांवर तर ओळीने कोयऱ्या असतात, आपलीच कोयरी, बघून फार बरं वाटलं. बलुची गालिच्यात महिरप चक्क चौकोनी असते, मधला भाग उंटाच्या रंगाचा, त्यात एक झाड आणि काहींमध्ये वर दोन कोपऱ्यांत हाताचे पंजे, सजद्यात हात टेकतात त्या जागी. इराणची महिरप गोलाईची, नाजूक, आत फुलदाणी, वेली.

आणि एक कोडं. काही जुन्या गालिच्यांत खालच्या काठातून कुलपाच्या भोकासारखा आकार आत शिरलेला दिसतो. व्हेनिसच्या बेलिनी बंधूंच्या चित्रांत असे गालिचे आहेत म्हणून त्यांना बेलिनी म्हणतात. कोणी म्हणतं तो वजूचा (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचा) हौद, कोणी म्हणतं महिरपीतली महिरप. दुकानदार जो अर्थ सांगेल तो ऐकून घ्या, पैसे त्या अर्थाचे देऊ नका.

3. महिरपीच्या आत काय आहे ते बघा

कंदील: कुराणातल्या नूर सूरेत (24:35) अल्लाहच्या प्रकाशाची उपमा कोनाड्यातल्या दिव्याशी दिलीय, तिथून हा आला असं साधारणपणे मानतात. गंमत म्हणजे पिढ्यान्पिढ्या एकीचं बघून दुसरीने विणताना कंदिलाचा कधी फुलांचा गुच्छ होतो, कधी नुसता ठिपका. त्यामुळे मी फुलदाणी समजले यात माझी अगदीच चूक नव्हती (तेयझेंना हे पटलं नाही).

खांब: ऑटोमन दरबारातल्या गालिच्यांवर जोडखांब असायचे, खालून पाया, वरून कमान, खऱ्या इमारतीसारखे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये 16 व्या शतकाच्या शेवटचा तीन कमानींचा एक गालिचा आहे, तो ऑनलाइन झूम करून बघा आणि मग 19 व्या शतकातला खेड्यातला बघा. खांबांचा पाया गळून पडलेला असतो, खांब हवेत लोंबतात, त्यांच्या फुलांच्या माळा होतात. एकच आकृती दोन-तीनशे वर्षांत कशी घरंगळत जाते ते इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

इब्रिक म्हणजे वजूचा तांब्या, कंगवा, जीवनवृक्ष, हात कमरेवर ठेवलेली बाई (एलिबेलिंदे, ही ओळखायला डोळे किलकिले करावे लागतात), मेंढ्याची शिंगं, नजर लागू नये म्हणून डोळा. माणसाचं किंवा प्राण्याचं सरळ चित्र मात्र नमाजाच्या गालिच्यावर शक्यतो नसतंच. तुम्हाला स्पष्ट पक्षी-हरणं दिसली तर तो बहुतेक नमाजासाठी नाहीच, भिंतीसाठी आहे.

काबा आणि मदिनेच्या मशिदीचं चित्र असलेले मखमली गालिचे तुम्ही मुंबईत मोहम्मद अली रोडला पण बघितले असतील, ते मशीनचे. पण काबा विणणं जुनंच आहे. 1610 मध्ये सुलतान अहमद पहिला याने क्युताह्याला फर्मान धाडलं होतं की काबा, महिरप आणि अक्षरं असलेले गालिचे विणून बिगरमुसलमानांना विकू नका. म्हणजे तेव्हाही युरोपात जोरात विकले जात होते! रुमानियातल्या ब्राशोव्हच्या ब्लॅक चर्चमध्ये आजही अनातोलियाचे गालिचे भिंतींवर आहेत, त्यात महिरपवाले पण.

नमाज पढणाऱ्या कोणाला भेट द्यायला घेत असाल तर आधी विचारा. माझी रत्नागिरीची मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे साधाच आवडतो गं, नक्षीत डोळे अडकतात. हदीसमध्ये प्रसंगच आहे, पैगंबरांचं नमाजात नक्षीदार चादरीकडे लक्ष गेलं तेव्हा त्यांनी ती अबू जहमकडे परत पाठवली आणि त्याच्याकडची साधी मागवली. मी तिच्यासाठी जो भरगच्च लाल-निळा आणला होता तो मग माझ्याकडेच राहिला, दुःख नाही.

4. काठ

काठाला तुर्कीत सु म्हणतात, म्हणजे पाणी. मोठं पाणी, बारीक पाणी. एवढंच बघा की कोपऱ्यात नक्षी वळते कशी. कारखान्यातल्या, आधी कागदावर आखलेल्या डिझाइनमध्ये कोपरा बरोबर जुळतो, खेड्यात डोक्यातून विणलेल्यात फूल अर्धंच कापलं जातं आणि बाई पुढे निघून जाते. अर्धं फूल म्हणजे दोष नाही, उलट मला तेच आवडतं.

5. पालथा घाला

दुकानात पहिली गोष्ट हीच करायची खरं तर, पण आधी सांगितलं असतं तर तुम्ही नक्षी बघितलीच नसती.

पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजे. दशा बघा. हाताने विणलेल्यात दशा म्हणजे ताण्याचेच धागे पुढे आलेले असतात, मशीनच्या गालिच्याला बरेचदा वेगळी झालर शिवतात. पाठीला कापड किंवा रबर चिकटवलेलं असेल तर विचारा कशाला, आणि उत्तर ऐकायला थांबू नका.

आता तो कागद घ्या. एक सेंटीमीटरच्या चौकोनात आडव्या किती गाठी आणि उभ्या किती ते मोजून गुणाकार करा. इस्तंबूलजवळच्या हेरेके गावच्या चांगल्या रेशमी गालिच्यात सेंटीमीटरला 10 बाय 10 म्हणजे शंभर गाठी मिळतात, चौरस मीटरला दहा लाख. पण हा आकडा सगळीकडे लावू नका, हा मोठा सापळा आहे. खेड्यातल्या लोकरीच्या लादिक-मिलासमध्ये गाठी मोजून किंमत ठरवणं म्हणजे भाकरी पातळ आहे का बघून चव ठरवणं.

गाठींचे दोन मुख्य प्रकार. दोन ताण्यांभोवती सारखी गुंडाळलेली ती तुर्की, तिला ग्योर्देस गाठ म्हणतात. दोनांपैकी एकाच ताण्याला पूर्ण गुंडाळलेली ती फारसी, तिला सेन्ने गाठ म्हणतात, आणि सेन्ने म्हणजे आजचं सनंदज, जिथे स्वतः तुर्की गाठच मारतात. कोणी नाव ठेवलं देव जाणे.

लवच नसेल, सपाट असेल, तर तो किलीम. त्यातही महिरपवाले असतात. पैठणीच्या पदरात जशी रंगीत बाण्यानेच नक्षी भरतात तसंच, फक्त पैठणीत दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात आणि किलीममध्ये बऱ्याचदा नाही, म्हणून उजेडात धरला की रंगांच्या सीमेवर बारीक फटी दिसतात. फाटलेला नाहीये तो.

6. रेशीम आहे का ते स्वतः बघा

इथे मी पडले. चमकदार, मऊ, छोटासा गालिचा, "मॅडम, सिल्क, सिल्क", तीन ग्लास चहा, शाहरुख खानची चौकशी, आणि मी घेतला. निघाला फ्लॉश, म्हणजे प्रक्रिया करून चमकवलेलं सूत, कायसेरी भागात याचे पुष्कळ विणतात. फ्लॉश वाईट नाही, दिसायला छान, फक्त तो सुताच्या भावात घ्यायचा असतो.

लवीतला एक धागा काढून जाळून बघायची परवानगी मागा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सूत कागदासारखं भुर्रकन जळतं, सिंथेटिक वितळून गोळा होतो. पण धागा लवीतला घ्या. दशांमधला धागा जाळून फक्त ताण्याचं कळतं आणि ताणा रेशमी ठेवून लव वेगळीच असू शकते. परवानगी देत नसेल तर रागावू नका, फक्त रेशमाचा भाव देऊ नका.

कोपऱ्यात "हेरेके" विणलेलं असणं हाही पुरावा नाही. हेरेकेचा शाही कारखाना 1843 चा, नाव मोठं, म्हणून दुसऱ्या देशांत विणलेल्या गालिच्यांवरही ते नाव सर्रास घालतात.

7. रंग

ओला रुमाल लाल भागावर दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर गालिचा परत ठेवून द्या. मग लव बोटांनी फाकवून मुळाशी बघा, वर फिका आणि आत भडक असेल तर रंग उन्हाने उडालाय किंवा जुना दिसावा म्हणून धुऊन उडवलाय. वनस्पतींचा लाल हा मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा, निळा नीळीचा, हिरवा म्हणजे आधी पिवळा आणि वर निळा. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि सगळं बदललं. 1981 मध्ये हाराल्ड ब्योमर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या अभ्यासावरून दोबाग नावाचा प्रकल्प आयवाजक भागात सुरू झाला, तिथल्या बायकांनी पुन्हा वनस्पतींच्या रंगात विणायला घेतलं. म्हणून "नैसर्गिक रंग म्हणजे जुनाच" हे पण खोटं.

एकाच निळ्यात मध्येच फिकी पट्टी दिसली तर तो डाग नाही, त्याला अब्राश म्हणतात, लोकरीची दुसरी खेप रंगवली की थोडा फरक पडतोच.

8. तारीख विणलेली असेल तर जास्त सावध

बहुतेक वेळा हिजरी सन असतो. हिशोब सोपा: सनाला 33 ने भागा, आलेला आकडा सनातून वजा करा, 622 मिळवा. 1326 असेल तर साधारण 1908. आता ट्रिक ऐका. अरबी तीन आणि दोन यांत एका दात्याचाच फरक असतो, चार गाठी उपटून परत मारल्या की 1326 चा 1226 होतो आणि गालिचा बसल्या जागी शंभरेक वर्षांनी म्हातारा. त्या आकड्याच्या पाठीमागून भिंगाने बघा. आकडे आरशातल्यासारखे उलटे असतील तर घाबरू नका, विणणारी लिहिता-वाचता येणारी असेलच असं नाही.

नकला फक्त बाजारातच असतात असं समजू नका. रुमानियाच्या तेओदोर तुदुकने गेल्या शतकात केलेले "जुने अनातोलियन" गालिचे मोठ्या म्यूझियमनीही खरे समजून घेतले होते.

9. आधी म्यूझियम, मग बाजार

सुलतानअहमदच्या चौकात, इब्राहिम पाशाच्या वाड्यात, तुर्की आणि इस्लामी कला म्यूझियम आहे. कोन्याच्या अलाएद्दीन मशिदीत सापडलेले 13 व्या शतकातले सेल्जुक गालिचे तिथे आहेत. आया सोफियाला लागून जुन्या अन्नछत्रात वक्फचं गालिचा म्यूझियम आहे, मशिदींना लोकांनी दान दिलेले गालिचे तिथे जमा झालेत. दोन्ही चालत होतात. एक अख्खा दिवस द्या, वहीत महिरपी काढा, वाईट आल्या तरी काढा. कापालचार्शीला (तिथला छत असलेला मोठा जुना बाजार) मग दुसऱ्या दिवशी जा, फक्त रविवारी नको, बंद असतं.

इतक्या लांब जाणं होणार नसेल तर विजापूरला गोल घुमटाच्या म्यूझियममध्ये आसार महालातले जुने गालिचे आहेत, सोलापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

10. घेतलाच तर कागद

- बिल, त्यावर गाव, साइज, लव कशाची, ताणा कशाचा, अंदाजे वय, सगळं लिहून. तोंडी "सिल्क" म्हणणारा लिहायची वेळ आली की अडखळतो, तीच परीक्षा
- दोन्ही बाजूंचे फोटो, टेप ठेवून
- पासपोर्टची कॉपी, आणि कार्डाने पैसे दिलेत तर ती पावती
- जुना असेल तर म्यूझियमचा दाखला. तुर्कस्तानात पुराण वस्तूंचा कायदा (क्रमांक 2863, 1983 चा) कडक आहे, पुराण वस्तू ठरलेला गालिचा देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. "बॅगेत घाला, कोणी विचारत नाही" म्हणणाऱ्या दुकानात परत जाऊ नका
- कुरिअरने पाठवतो म्हणाले तर पाठीवर पेनाने सही करून सहीचा फोटो काढा, म्हणजे बदललेला आला तर कळेल

11. घरी आणल्यावर

घडी घालू नका, गुंडाळी करा, लव बाहेर येईल अशी. दशांवरून व्हॅक्यूम फिरवू नका. कपाटाखाली दडलेल्या भागात कसर लागते म्हणून दोन-तीन महिन्यांनी उचलून झटका. पायपुसण्यासारखा दारात टाकू नका, तुम्ही नमाज पढत नसलात तरी तो कशासाठी विणलाय ते तुम्हाला आता माहितीये. मैत्रिणीच्या घरी नमाज झाली की मुसल्ल्याचा एक कोपरा दुमडून ठेवतात, उघडा राहिला तर सैतान येऊन नमाज पढतो म्हणे. तिची आजी सांगायची, ती हसते पण दुमडते.

पुण्यात आल्यावर मी तो पहिला गालिचा नीट, टोक वर करून टांगला आणि तेयझेंना फोटो पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, शाब्बास, पण त्या भिंतीवर ऊन येतं ना? येतं, दुपारी तीन ते पाच. आता खिळा दुसरीकडे मारायचाय.